दारं कोण धरतंय?

“संध्याकाळी दीड तास मोबाइल बंद ठेवून असा काय मोठा फरक पडणार आहे?”

हा प्रश्न शाळेच्या पालकसभेत निघतो, एसटीत निघतो, लग्नाच्या पंगतीतही निघतो. त्याचं उत्तर मिळायच्या आत मागोमाग दुसरा येतो. “आणि माझा मोबाइल बंद ठेव म्हणणारे तुम्ही कोण?” पहिला प्रश्न बहुधा वडीलधाऱ्यांचा, दुसरा बारावीतल्या पोराचा नाहीतर पोरीचा. गंमत अशी की दोन्ही रास्त आहेत. एक घराचा आहे, दुसरा स्वातंत्र्याचा, आणि मोबाइलपाशी येऊन दोन्ही एकदमच भांडायला उभे राहतात.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सांगली आणि सातारा या शेजारच्या जिल्ह्यांत, साधारण वर्षभराच्या अंतराने, मोबाइल दोन अगदी निराळ्या तऱ्हांनी गप्प झाले. सांगलीकडच्या एका गावाने ते ग्रामसभेत ठरवून केलं. साताऱ्यात ते सरकारी आदेशाने झालं.

१. वडगावचा भोंगा

मोहित्यांचे वडगाव हे सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातलं गाव. वस्ती तीनेक हजार, रानात प्रामुख्याने ऊस. १४ ऑगस्ट २०२२ ला तिथल्या ग्रामसभेत एक विषय मंजूर झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून अमलातही आला. रोज संध्याकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद व्हायचे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजला की सुरू. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर निदान एकमेकांशी बोलायचं.

हे खूळ अचानक आलेलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मुलांच्या हातात फोन द्या असं शाळेनेच सांगितलं. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता तिथे तो वडिलांच्या खिशातून निघून पोरांच्या दप्तरात गेला. पुढे शाळा भरायला लागली, पण फोन काही परत आला नाही. पोरं वर्गात येऊन बसतात, वाचायला-लिहायला मात्र कंटाळतात, शाळा सुटली की पुन्हा फोनला चिकटतात, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे ठेवला, तेव्हा गावातल्या पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग आधी बायकांना विश्वासात घेतलं गेलं. आपणही मालिकांपुढे जरा जास्तच बसतो, हे त्यांनी कबूल केलं आणि गाडं पुढे सरकलं. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजूत घालत.

बातम्या झाल्या त्या भोंग्याच्या. माझ्या मते खरी करामत होती ‘सगळे एकदम’ या अटीत. समजा, गावातल्या एकाच घराने सातला फोन बंद केला. त्या घरातला मुलगा शेजारच्या मित्राकडे जाऊन बसेल. आईला वाटत राहील की भिशीच्या ग्रुपवर काहीतरी ठरलं आणि आपण मागे राहिलो. साडेआठला फोन उघडावा तर दोनशे मेसेज साठलेले. म्हणजे शहाणपण एकट्याने केलं तर त्याची किंमतही एकट्यानेच मोजायची. सगळं गाव थांबलं तर ग्रुपवरही शांतता असते आणि चुकण्यासारखं काही उरत नाही. कितीतरी चांगल्या सवयी मनाच्या दुबळेपणामुळे मोडत नाहीत, एकटं पडल्यामुळे मोडतात. वडगावने ते एकटेपण काढून टाकलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचा हिशेब करू. रोजचा दीड तास म्हणजे वर्षाला साडेपाचशेच्या आसपास तास. माणूस दिवसाचे १६ तास जागा असतो असं धरलं तर हे ३४ दिवस भरतात. वर्षातला एक अख्खा महिना आणि वर चार दिवस. फरक पडतो की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. दीड तास किरकोळ आहे असं मात्र कुणी म्हणू नये.

या गावाचं बघून इतरांनीही हा प्रयोग उचलला. सीमाभागात बेळगावजवळच्या हलगा गावाने पुढे संध्याकाळी ७ ते ९ अशी वेळ ठरवून घेतली.

२. रील संपत का नाही

भोंग्याची गरजच का पडावी? माणूस हातातलं पुस्तक मिटतो, पत्त्यांचा डाव मोडून उठतो. मग फोन खाली का ठेवता येत नाही?

कृष्णाकाठच्या माणसाला हे पाण्याच्या भाषेत चटकन कळेल. उसाला पाणी पाजायचं म्हणजे मोटर चालू करून घरी येऊन झोपायचं काम नसतं. खोरं घेऊन बांधावर उभं राहावं लागतं. एक सरी भरली की तिचं तोंड मातीने बुजवायचं, दुसरीचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. दारं धरणारा नसला तरी पाणी वाहतंच, फक्त उताराने वाहतं, नको तिथे साचतं आणि लांबच्या सऱ्या कोरड्या राहतात. आपलं लक्ष हे असंच पाणी आहे. दिवसभरात ते ठरावीकच मिळतं आणि कुठे न कुठे वाहून जातंच. प्रश्न एवढाच की खोरं कुणाच्या हातात आहे.

फोनवर ते कुणाच्या हातात असतं, हे तीन गोष्टींवरून कळतं.

पहिली, तळ नसलेलं पान. पूर्वी वेबसाइटवर खाली गेलं की पान संपायचं आणि ‘पुढील पान’ असं बटण यायचं. तिथे क्षणभर थबकावं लागे. अजून बघू की पुरे, हा विचार त्या क्षणी व्हायचा. २००६ मध्ये अॅझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने हे थबकणंच काढून टाकणारी रचना केली. खाली जाल तसा मजकूर आपोआप येत राहतो. वापरायला सोपं व्हावं म्हणून केलेल्या या कामाबद्दल त्याने पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण तोवर जगातल्या बहुतेक अॅप्सनी ती रचना उचलली होती.

दुसरी, न मागता सुरू होणारा पुढचा व्हिडिओ. आपल्याकडे २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी आणली आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. गावोगावच्या पोरांनी दुकान बदललं, सवय तीच राहिली. एक रील सरासरी अर्ध्या मिनिटाची धरली तर दीड तासात १८० रील्स होतात. त्यातली पहिली तुम्ही निवडली असेल. उरलेल्या १७९ कुणी निवडल्या? मागच्या रीलवर तुम्ही किती सेकंद रेंगाळलात, कुठली पुन्हा पाहिली, कुठली झटकन सरकवली, याचा हिशेब ठेवून पुढची ठरते. अल्गोरिदम हा शब्द आपण ऐकतो तो यासाठीच. तुमच्या मागच्या वागण्यावरून पुढचा घास कुठला द्यायचा, याचे ते नियम असतात. तुमचं भलं व्हावं किंवा वाईट व्हावं असं काही त्यांच्या मनात नसतं, कारण त्यांना मन नसतं. तुम्ही जास्त वेळ थांबावं एवढंच त्यांना सांगितलेलं असतं, कारण जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती दिसतील.

तिसरी, कधी मिळेल ते न सांगता दिलेलं बक्षीस. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर बरेच प्रयोग केले. कळीवर चोच मारली की दर वेळी दाणा मिळतो असं असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबूतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी दुसऱ्या टोच्याला, कधी विसाव्या टोच्याला असा बेभरवशाचा मिळत गेला, की ते वेड्यासारखं टोचत राहतं. आपण फोन उचलतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा कामाचं काही नसतं. एखाद्या वेळी बहिणीने पाठवलेला भाच्याचा फोटो असतो. त्या एका वेळेसाठी आपण नऊ वेळा टोचतो.

हे सगळं कळूनही फोन हातातून सुटत नाही, याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. एका बाजूला दिवसभर राबून दमलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याला बसवून ठेवण्याचा पगार घेणारे शेकडो इंजिनियर, असा हा सामना आहे. वडगावच्या भोंग्याने केलं ते एवढंच, की रास्किनने काढून टाकलेला तो थबकण्याचा क्षण परत आणला.

३. हॉलमधला टीव्ही

मोबाइलवर सगळे बोलतात, टीव्ही मात्र घरचा म्हातारा समजून त्याला कुणी काही म्हणत नाही. तो आता तसा राहिलेला नाही.

नवा स्मार्ट टीव्ही घरी येतो तेव्हाचं दृश्य आठवून बघा. दुकानातला मुलगा ड्रिल मारून भिंतीला पट्टी बसवतो, टीव्ही अडकवतो, वायफायचा पासवर्ड विचारतो. पडद्यावर एकामागून एक अटींची पानं येतात आणि तो रिमोटने पटापट ‘मान्य’, ‘मान्य’, ‘मान्य’ करत जातो. “झालं काका, आता बघा.” काका कपभर चहा पुढे करतात. त्या तीन-चार ‘मान्य’ मध्ये काय होतं, ते ना त्या मुलाने वाचलं, ना काकांनी.

त्यात बऱ्याचदा एक परवानगी असते ती तुम्ही काय बघता हे ओळखण्याची. टीव्ही दर थोड्या वेळाने पडद्यावरच्या चित्राची किंवा आवाजाची एक छोटीशी खूण टिपतो. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, तशी त्या खुणेवरून कुठली मालिका, कुठला सामना, कुठली जाहिरात चालू आहे हे कंपनीच्या संगणकाला ओळखता येतं. केबल असो, डिश असो, पेनड्राइव्ह असो, खूण पडद्यावरून घेतली जात असल्याने फरक पडत नाही. या माहितीवरून घराची आवडनिवड कळते आणि जाहिरातवाल्यांना ती हवी असते. अमेरिकेत विझिओ नावाच्या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून ग्राहकांना नीट न सांगता अशी माहिती गोळा केल्याचं प्रकरण गाजलं. २०१७ मध्ये तडजोड होऊन कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले.

ही सोय बंद करता येते. सॅमसंगच्या टीव्हीवर तिचं नाव ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीवर ‘लाइव्ह प्लस’. इतर कंपन्यांच्या टीव्हीत सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘अटी व शर्ती’ खाली शोधायचं. ती बंद केल्याने टीव्ही दिसायचा थांबत नाही, मालिका जशीच्या तशी लागते.

यंत्र विकणारे ज्या गोष्टी आधीपासून चालू करून देतात, त्या शंभरातले नव्वद लोक कधी बंद करत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून आयत्या मिळालेल्या सेटिंगला मी निवड म्हणायला तयार नाही. तुमच्या वतीने दुसऱ्याने आधीच मारलेली ती सही असते.

४. साताऱ्यात नेट बंद झालं तेव्हा

आता दुसऱ्या तऱ्हेचं बंद. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं पुसेसावळी हे बाजारपेठेचं गाव. समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून तिथे तणाव झाला आणि १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री हिंसाचार उसळला. त्यात एका माणसाचा जीव गेला. प्रशासनाने जिल्ह्यातली इंटरनेट सेवा बंद केली. त्याच वर्षी जून महिन्यात कोल्हापुरातही स्टेटसवरून वाद पेटला होता आणि तिथेही हाच उपाय झाला होता.

नेट बंद करतात म्हणजे नक्की काय करतात? कुणी टॉवर पाडत नाही की वायर तोडत नाही. गृह खात्याचा आदेश मोबाइल कंपन्यांना जातो आणि त्या आपापल्या यंत्रणेत त्या भागापुरता डेटा थांबवतात. बहुधा साधा फोन लागतो, एसएमएस जातो. फोनच्या डोक्यावर कांड्या पूर्ण दिसतात आणि व्हॉट्सअॅपवर मात्र घड्याळाची खूण अडकून राहते.

अशा वेळी घरावर काय येतं ते पाहा. बाजारात चाळीस रुपयांची मेथी घेतली आणि पैसे देण्यासाठी फोन पुढे केला. आपल्या फोनवरून निघालेला निरोप अॅपच्या संगणकाकडे, तिथून यूपीआयच्या यंत्रणेकडे, तिथून आपल्या बँकेकडे आणि मग भाजीवालीच्या बँकेकडे जातो. या साखळीची पहिलीच कडी, म्हणजे आपला डेटा, तुटलेली असते. खात्यात पैसे असून मेथी पिशवीत पडत नाही. पोराचा प्रवेश अर्ज अडतो, ई-सेवा केंद्रात सातबारा निघत नाही, पुण्याला घरून काम करणारी मुलगी गणपतीच्या तयारीला गावी आली असेल तर तिची रजा पडते. (यावर एक तोडगा माहीत असू द्या. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावलं की डेटाशिवायही पैसे पाठवता येतात, साध्या बटणाच्या फोनवरूनसुद्धा. एकदा घरी बसून करून बघावं, म्हणजे ऐन वेळी धांदल होत नाही.)

सरकारचीही बाजू आहे. अफवा मिनिटात शंभर ग्रुपवर जाते आणि पोलीस पोहोचायच्या आत जमाव पोहोचतो. ज्या गावात घरं जळताहेत तिथे काही तास नेट थांबवायला माझा विरोध नाही. पण अफवेचं खंडनही त्याच नेटवरून यायचं असतं. आणि पोस्ट टाकणाऱ्या एकाला शोधून काढण्यापेक्षा जिल्ह्यातल्या लाखोंचा डेटा बंद करणं सोपं असतं, हा मोह प्रशासनाला पडतोच.

तो मोह आवरायला नियम आहेत. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की इंटरनेटवरून बोलण्याचं आणि धंदा करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ खाली संरक्षित आहे, नेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचा आदेश लोकांसाठी प्रसिद्ध केला पाहिजे. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका आदेशाला जास्तीत जास्त १५ दिवसांची मर्यादा घातली गेली. दूरसंचार कायदा २०२३ आल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम झाले. त्यांतही कारण लिहिणं, आदेश प्रसिद्ध करणं आणि समितीने त्याची तपासणी करणं हे बंधन कायम आहे. म्हणजे ‘नेट का बंद आहे आणि कधीपर्यंत?’ हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. त्याचं लेखी उत्तर मिळणं हा आपला हक्क आहे.

५. मग भोंगा ही बंदी नव्हे का?

आता बारावीतल्या पोरीचा प्रश्न. गावाने सातला फोन बंद करायला लावला, हीदेखील दादागिरीच ना?

केरळमध्ये याला फार जवळचा खटला झाला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करायचा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला. संध्याकाळचीच वेळ, अभ्यासाचंच कारण, तरी उत्तर उलटं आलं. कारण सरळ आहे. तिथे ठरवणारे एक होते आणि फोन देणाऱ्या दुसऱ्या. न मानणाऱ्या मुलीला राहती जागा सोडावी लागली.

वडगावचा नियम सरपंचाच्या घरालाही लागू आणि पोराच्या बापालाही. त्याला वेळेचं बंधन आहे, दिवसाचे साडेबावीस तास मोकळे आहेत आणि कुणाचा फोन कुणाच्या ताब्यात जात नाही. म्हणून मी त्याला बंदी म्हणत नाही. याउलट यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलच नको असा ठराव केला. त्यामागची काळजी खरी आहे. पण मोठ्यांनी स्वतःकडे फोन ठेवून लहानांचा काढून घेतला, की पोरं एवढंच शिकतात की मोठं होईपर्यंत लपवून वापरायचा.

तरी वडगावच्या वाटेवरही खड्डे आहेत आणि ते झाकू नयेत. गावकीचा दबाव ही साधी गोष्ट नसते. याच मुलखात, सातारा आणि सांगली एकच जिल्हा असताना, १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. गावोगावी न्यायनिवाडे झाले, दारू बंद झाली, कमी खर्चात लग्नं लागली. आपलं आपण ठरवण्याची ही परंपरा अभिमानाचीच आहे. पण त्याच प्रतिसरकारच्या शिक्षा कडक होत्या, हेही विसरता येत नाही. गाव एकदिलाने ठरवतं तेव्हा न पटलेल्या एखाद्याला तोंड उघडायला जागा राहिली का, हे पाहावं लागतं. ग्रामसभेच्या ठरावाला नैतिक वजन असतं आणि ते पुरेसं असतं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो कुणाला दंड करून गाजलेला नाही.

दुसरा खड्डा बायकांच्या बाजूला आहे. सातची मालिका म्हणजे कित्येक घरांत बाईने दिवसभरात पहिल्यांदा पाठ टेकण्याची वेळ. तिने ती सोडली आणि घरधन्याने साडेआठनंतर बारा वाजेपर्यंत फोन चोळला, तर त्याग कुणाचा झाला? आणि अभ्यासाच्या नावाखाली मुलीचाच फोन तपासायचा, मुलाचा नाही, हेही घरोघर चालतं. दारं धरायची तर सगळ्या सऱ्यांची धरायला हवीत.

बंद करून मोकळ्या झालेल्या वेळाचं काय करायचं, याला पाचगणीजवळच्या भिलारने चांगलं उत्तर दिलं आहे. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा २५ ठिकाणी मिळून १५ हजारांवर पुस्तकं ठेवली गेली, त्यातली कितीतरी लोकांच्या राहत्या घरांत. कुणालाही काही बंद करायला सांगितलं नाही. ओसरीवर कपाट आहे, खुर्ची आहे, बसा.

६. आपल्या घरी

आधी सूचनांचा आवाज. फोन नवा असताना जवळजवळ प्रत्येक अॅप टुणटुण वाजवायची परवानगी मागतं आणि आपण देऊन टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन माणसांचे निरोप आणि बँक एवढंच चालू ठेवा. सवलतींच्या जाहिराती, खेळ, बातम्यांचे ‘मोठी बातमी’वाले आवाज बंद. हे एकदाच दहा मिनिटं बसून करायचं काम आहे आणि बाकी कुठल्याही नवससायासापेक्षा त्याने जास्त फरक पडतो. यूट्यूबवर ‘ऑटोप्ले’चं बटण बंद केलं की व्हिडिओ संपल्यावर खरोखर संपतो.

मुलांच्या बाबतीत कायदाही हळूहळू पालकांच्या मदतीला येतो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला आई-वडिलांची पडताळलेली संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना मात्र तिथून पुढे १८ महिन्यांची मुदत आहे. पण संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या अॅपला हो म्हणताना ते काय आहे हे तिच्याकडूनच समजून घ्या. तिला बहुधा आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि गावात किंवा वाड्यावस्तीवर वडगावसारखं काही करून बघायचं असेल तर ग्रामसभा तुमच्या हाताशी आहे. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आपल्या सवयीच्या आहेत. त्याआधी महिलांची वेगळी सभा घेणं नियमातच आहे, तेव्हा विषय आधी तिथे मांडा. अर्ज लेखी द्या. त्यात किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ते लिहा, परीक्षेचा अर्ज भरणाऱ्याला, दवाखान्यातल्या नातेवाइकाच्या फोनची वाट बघणाऱ्याला आणि रात्रपाळीवाल्याला सूट लिहा, दंड लिहू नका. आणि शेवटचं कलम असं घाला की सहा महिन्यांनी हा ठराव पुन्हा सभेपुढे येईल आणि नको असेल तर हात वर करून मोडता येईल.